दिवाळीत गळ टाकायला निघण्याआधी : परतीची वेळ तिथीवरून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरून खाड्यांचे गढूळ पाणी निवळू लागले की दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवणच्या धक्क्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. टपावर रॉड बांधलेले, डिकीत बर्फाची पेटी. तांबोशी, शेवटा आणि मालवणकडे ज्याला चोणक म्हणतात तो जिताडा, या माशांसाठी लहान होडी घेऊन खाडीच्या मुखाशी जाणारे हौशी लोक गेल्या काही वर्षांत खूप वाढले आहेत. यात वाईट काहीच नाही. पण रॉड-रीळवर हजारो रुपये खर्च करणारी ही मंडळी होडीत बसतात ती कोळ्याच्या भरवशावर किंवा नशिबावर. दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे आणि या सुट्टीत खाडीच्या मुखाशी एक विशिष्ट धोका असतो. म्हणून हे पत्र.

आधी तिथीचा हिशेब. तिथीची पाऊणपट करा, जितके येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पंधराव्या तिथीपाशी हा हिशेब थोडा मागे पडतो, म्हणून अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराऐवजी पावणेबारा धरावेत. हे आकडे मुंबईच्या आसपासचे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, खाडीत आतवर उशिरा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने अंदाज बांधायला तिथी पुरते.

लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे दिवाळी नेहमी उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, पाण्यात येते आणि तेव्हा भरती दुपारी पावणेबारा ते दीडच्या दरम्यान पूर्ण होते. त्यानंतर सहा तास ओहोटी. ओहोटीचे पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग उतरतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत बाहेर पडते. पाडव्याला हे दोन तास साधारण पावणेतीन ते पावणेपाच, भाऊबीजेला साडेतीन ते साडेपाच. खाडी लांब असेल तर आणखी थोडे पुढे.

नेमका त्याच वेळी समुद्राकडून खारा वारा वाहत असतो. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा दहाच्या सुमारास पडतो, दुपारी वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून वारा धरतो आणि तीन-चारला त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, बाहेर धावणारे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर येतात. प्रवाह लाटेला अडवतो, त्यामुळे लाटांमधले अंतर कमी होते, त्यांची उंची वाढते, आणि पाणी उथळ असल्यामुळे त्या उभ्या होऊन फुटतात. सकाळी ज्या दांड्यावरून चहा पीत बाहेर गेलो, तिथेच संध्याकाळी कमरेएवढ्या फुटणाऱ्या लाटा असतात. वारा आणखी वाढलेला नसतो, आकाश स्वच्छ असते, म्हणून बाहेर बसलेल्याला आत काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. शिवाय फुटणाऱ्या लाटेची पाठ बाहेरून गुळगुळीत दिसते, पांढरे तोंड किनाऱ्याकडे असते.

अशा वेळी लाट पाठीशी घेऊन आत घुसण्याचा मोह हाच होडी उलटण्याचे मोठे कारण. लाट मागून होडीला उचलते, होडी उतारावरून घसरू लागते, पुढचे टोक समोरच्या पाण्यात रुतते, मागची बाजू फिरते आणि होडी लाटेला आडवी होते. पुढच्या लाटेला उलटते. इंजिन कितीही मोठे असले तरी त्या क्षणी पंखा हवेत असतो आणि सुकाणूचा उपयोग उरत नाही.

यावर उपाय एकच आणि तो घरी बसून करायचा. उधाणाच्या दिवसांत दुपारी एकच्या आत मुखातून आत यायचे. पहाटे ओहोटी संपत असते, दांड्यावर पाणी कमी असते. म्हणून भरती सुरू होऊन तास-दीड तास झाला की, म्हणजे साधारण साडेसात-आठला, बाहेर जावे आणि भरतीच्या शेवटच्या तासात परत यावे. तेव्हा पाणी आत येते, वाराही आतच येत असतो आणि दांड्यावर भरपूर खोली असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या पाण्यात, संध्याकाळी भरती असते आणि प्रवाहही मंद असतो. ज्यांना संध्याकाळचाच गळ टाकायचा आहे त्यांनी ते दिवस निवडावेत. उधाणात मासा जास्त चावतो हे खरे आहे, पण तो सकाळच्या भरतीतही चावतो. उशीर झालाच, तर दांड्याच्या बाहेर खोल पाण्यात थांबावे किंवा जवळच्या आडोशाच्या दुसऱ्या बंदरात जावे. ते बंदर कोणते हे निघण्याआधीच माहीत हवे. दिवाळीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि ओहोटी पाडव्याला पावणेसात, भाऊबीजेला साडेसातपर्यंत चालते, त्यामुळे थांबणे म्हणजे अंधारात थांबणे. दिवे, पाणी आणि इंधन त्या हिशेबाने हवे.

आता जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात प्रवासी बोटीला झालेल्या अपघातानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे झाले. पण चार मित्रांनी भाड्याने घेतलेल्या होडीत कोण बघतो? बहुतेक होड्यांत जॅकेट असतात, फळीखाली किंवा बुडाखाली. उशी म्हणून वापरलेल्या जॅकेटचा फोम दबतो आणि दबलेला फोम तरंगवत नाही. जॅकेट हातात घेऊन दाबून पाहा. बोट रुतले आणि खड्डा तसाच राहिला तर ते जॅकेट बाजूला ठेवा. बकलमध्ये वाळू आणि मीठ साचून ते अर्धवट लागते, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत लावून ओढून बघा. मग सगळे पट्टे आवळून घातलेल्या माणसाचे दोन्ही खांदे मागून दुसऱ्याने धरून जॅकेट वर ओढावे. ते कानापर्यंत वर आले तर पाण्यात ते डोक्यावरून निघणार. अशा वेळी पायांतून जाणारा पट्टा लागतो. मुलांच्या जॅकेटला तो असलाच पाहिजे आणि मुलांचे जॅकेट वयावर नाही, त्यावर छापलेल्या वजनावर निवडायचे.

जॅकेटवर ५०, १०० किंवा १५० असा, तरंगवण्याच्या ताकदीचा, न्यूटनमधला आकडा असतो. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत हाताशी असताना. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर ठेवत नाही. खाडीच्या आत १०० चे आणि मुखाबाहेर १५० चे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपोआप फुगणारे जॅकेट रॉड फेकायला सोयीचे असते, पण त्यातल्या गॅसच्या नळीवर कोरलेले वजन काट्यावर तपासावे, ती घट्ट फिरवलेली आहे का ते बघावे आणि पाण्याने उघडणाऱ्या खटक्याची मुदत पाहून तो बदलावा. आणि पोहता येते म्हणून जॅकेट नको म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. कपड्यांसकट साधारण पोहणारा ताशी दोन-तीन किलोमीटर जातो, उधाणाच्या ओहोटीत अरुंद मुखाशी पाणी त्याहून वेगाने बाहेर जाते. खिशात शिसे असते, पायात गमबूट असतात. जॅकेट धक्क्यावर घालायचे आणि धक्क्यावर उतरल्यावर काढायचे. होडी उलटल्यावर ते सापडत नाही, आणि सापडले तरी पाण्यात घालता येत नाही.

नांगराबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गळाची मासेमारी बहुतेक नांगर टाकूनच होते आणि चुकाही तिथेच होतात. सोयीचे म्हणून नांगराचा दोर मागच्या बाजूला बांधला जातो. लहान होडीची मागची फळी इंजिनासाठी खाली कापलेली असते, इंजिनाचे आणि ते चालवणाऱ्याचे वजनही तिथेच. प्रवाह वाढला की दोर ताणतो आणि मागची बाजू खाली खेचतो. शेजारून एखादा ट्रॉलर गेला, त्याची एक लाट फळीवरून आत आली की आतले पाणी मागेच साचते, मागची बाजू आणखी खाली जाते आणि दुसरी लाट सहज आत येते. दोन-तीन लाटांचा खेळ असतो. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा, एकट्या माणसानेही.

दोर पुरेसा सोडला नाही तर नांगर धरत नाही. खोली सहा मीटर आणि होडीचे टोक पाण्यापासून मीटरभर वर, म्हणजे सात. त्याच्या पाचपट, ३५ मीटर दोर हवा. वारा असेल तर सातपट. नांगर आणि दोर यांच्यात दोन-तीन मीटर साखळी असली की ओढ आडवी राहते, फाळ वाळूत रुतून राहतो आणि खडकावर दोर झिजत नाही. मुखाशी खडकात नांगर अडकणे नेहमीचेच आहे. अडकला तर दोर मागच्या बाजूला बांधून इंजिनाने ओढू नये, वर सांगितलेला प्रकार तिथेही होतो. पाणी स्थिर होण्याची वाट बघावी. तेवढा वेळ नसेल तर दोराच्या टोकाला रिकामा कॅन बांधून तो पाण्यात सोडून द्यावा, नांगर दुसऱ्या दिवशी काढता येतो. दोर कापण्याचा सुरा जॅकेटला म्यानात लटकलेला असावा. पिशवीत, गळांच्या डब्याखाली ठेवलेला सुरा काही कामाचा नाही. नांगर जहाजांच्या वाटेवर टाकू नये. दाभोळ आणि जयगडच्या मुखातून मोठी जहाजे जातात, धोपावे आणि तवसाळच्या फेरीबोटींची वाटही ठरलेली आहे. जहाजाला लहान होडी दिसली तरी थांबता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत ज्यांची स्वतःची होडी आहे त्यांनी पावसाळ्याआधी टाकीत उरलेले पेट्रोल वापरू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतली ओल धरते. पाणी जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. तोटी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात तर ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि तळाच्या थरात नसते, म्हणजे इंजिन आधी अडखळते आणि पुढे जाम होते. ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मिलि ऑइल, ताजे मिसळलेले. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरले की दहा-पंधरा मिनिटांत इंजिन बंद पडते आणि तेवढ्या वेळात होडी नेमकी दांड्यावर पोहोचलेली असते.

इंजिन सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते, ती थंड करणाऱ्या पाण्याची खूण. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद करून वर उचलावे. आपल्या खाड्यांत बहुधा प्लॅस्टिकची पिशवी तोंडावर बसलेली असते. भोकात घालायला तारेचा तुकडा जवळ ठेवावा. गळवाल्यांचा आणखी एक खास शत्रू म्हणजे आपलीच तुटलेली नायलॉनची दोरी. ती पंख्यामागे त्याच्या आसाला गुंडाळते, तापून ऑइलसील कापते आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी जाते. ऑइल दुधट दिसले की समजावे. दर चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघावे. सोबत प्लग, प्लगचा पाना, पंख्याची पिन, पक्कड आणि दोन वल्ही असलीच पाहिजेत. दोन वल्ही, एक नाही.

किल-कॉर्ड, म्हणजे इंजिन बंद करणारी ती लाल वेटोळी दोरी, हरवू नये म्हणून इंजिनाच्या हँडलला बांधून ठेवलेली आम्ही सर्रास पाहतो. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी. तो पाण्यात पडला तर हँडल सुटते, होडी गोल फिरते आणि पंखा त्याच्याच अंगावर येतो. आणि चालवणाराच पडला तर होडीतल्या दुसऱ्याला इंजिन सुरू करता यावे म्हणून जादा क्लिप ठेवावी.

इंधनाचे तीन भाग करायचे : एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. लहान इंजिन पूर्ण वेगात ताशी चार-पाच लिटर पिते. हा हिशेब किलोमीटरवर करायचा नाही, तासांवर करायचा, कारण प्रवाहाविरुद्ध तेच अंतर कापायला दुप्पट वेळ लागू शकतो.

वजनाचे थोडक्यात. बर्फाने भरलेली ५० लिटरची पेटी म्हणजे आणखी एक माणूसच. सगळे चढल्यावर पाण्यापासून कडेपर्यंत कमीत कमी फूटभर अंतर राहिले पाहिजे. मासा लागला की सगळे त्याच कडेला धावतात, तेव्हा होडी कलते. एकाने मासा ओढावा, एकाने जाळी धरावी, बाकीच्यांनी बसून राहावे. दारू होडीत नेऊ नये. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, भाजणार नाही हे बघून, तो भाग बुडवून ठेवावा, वेदना उतरते. थर्मासभर गरम पाणी त्यासाठी न्यावे.

निघण्याआधी एक चिठ्ठी घरी आणि एक धक्क्यावर कोणाकडे तरी द्यावी. तिचा मजकूर असा असावा : ‘चौघे जण, निळी फायबरची होडी, पांढरा पट्टा, ९.९ चे इंजिन. जयगडच्या मुखाबाहेर उत्तरेकडे. साडेबाराला परत. दोनपर्यंत फोन आला नाही तर १५५४ ला कळवा.’ १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक, १०९३ सागरी पोलिसांचा, आणि ११२ आहेच. परत आल्यावर चिठ्ठीवाल्याला कळवायला विसरू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो वाट बघणार नाही. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि जॅकेटला बांधलेला हवा. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधावी, आवाजापेक्षा ती लांब जाते. मुखाबाहेर जाणाऱ्यांनी दोन लाल हँडफ्लेअर ठेवावेत. एक फ्लेअर साधारण मिनिटभर जळतो, म्हणून बोट किंवा विमान दिसल्यावरच पेटवायचा, वाऱ्याच्या खालच्या कडेला, होडीबाहेर हात काढून आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर. त्यावर मुदत छापलेली असते. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि उलटलेली होडी शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसते.

धरणांवर गळ टाकणाऱ्यांना भरती-ओहोटी नाही, पण वारा आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेला किंवा दक्षिणेला काळा ढग उभा राहिला, थंड वाऱ्याची झुळूक आली, की ढग डोक्यावर येण्याची वाट न बघता जवळचा काठ गाठावा, भले तो आपल्या गाडीपासून लांब असो. वीज चमकत असताना कार्बनचा रॉड हातात धरू नये. उथळ जलाशयात वारा अर्ध्या तासात मोठ्या लाटा उठवतो.

आता आपल्याकडे आणि बंदर खात्याकडे मागणे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रे न चुकता छापतात, पाऊस संपला की ते बंद होते. पण हौशी माणूस समुद्रात जातो तो पाऊस संपल्यावर. सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी मुंबई, रत्नागिरी आणि मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा बारा महिने द्याव्यात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते, त्यातला त्या जिल्ह्याचा आकडा एका ओळीत बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने आहेत. २००९ चे ‘फयान’ नोव्हेंबरमध्ये आले, २०१९ चे ‘क्यार’ ऐन दिवाळीत, त्यामुळे ही ओळ निव्वळ शोभेची ठरणार नाही. मेरीटाईम बोर्डाने प्रत्येक धक्क्यावर फळा लावून आजच्या भरतीची वेळ आणि मुखातून आत येण्याची शेवटची वेळ खडूने लिहावी. हौशी लोकांना होडी भाड्याने देणाऱ्यांनी जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडू नये.

निदान या दिवाळीपुरते, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, पाच दिवसांच्या भरतीच्या वेळांचा छोटा तक्ता आपण छापावा अशी विनंती आहे. जागा कमी असेल तर फक्त पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवसांचा छापा.

आपले विश्वासू,
खाडीत गळ टाकणारे काही हौशी मासेमार,
गुहागर-दापोली परिसर